बुडत्या फुटबॉल क्लबची पुनर्बांधणी: कमी पैशांत, पण योग्य क्रमाने

क्लब अडचणीत आला की नागपुरात पहिली बैठक एकाच विषयावर भरते: यंदा कोणाला आणायचं? कोणी कोलकात्याचं नाव काढतो, कोणी परदेशी स्ट्रायकरचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवतो. ॲडव्हान्स दिला जातो आणि हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत बाकी पोरांचे पगार थांबलेले असतात. पुढच्या वर्षी तीच बैठक, तोच विषय. यात पैसा कमी असतो हे खरंच, पण नुकसान होतं ते क्रम उलटा लावल्यामुळे. आधी हिशेब, मग कागदपत्रं, मग प्रशिक्षक, मग घरची पोरं आणि सगळ्यांत शेवटी बाहेरचा खेळाडू, हा क्रम पाळला तर दोन-तीन हंगामांत क्लब पायावर उभा राहू शकतो.

हे मार्गदर्शन खेळाडूंना पगार देणाऱ्या क्लबसाठी आहे. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खेळणारा, राज्य पातळीवर किंवा देशपातळीवरच्या आय-लीगच्या खालच्या श्रेणीत जायची इच्छा असलेला, पण सध्या देण्यांखाली दबलेला क्लब डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

टप्पा १: देणी कागदावर आणा

नवा रुपया खर्च करण्याआधी देण्यांची एकच यादी करा. त्यात खेळाडूंची थकबाकी, प्रशिक्षकाचं मानधन, मैदानाचं भाडं, बसवाला, किटचं दुकान, हॉटेल, भरायचा राहिलेला टीडीएस (दिलेल्या पैशांतून कापलेला आयकर) आणि एखाद्या पदाधिकाऱ्याने खिशातून घातलेले पैसे हे सगळं आलं पाहिजे. शेवटची बाब बहुतेक क्लब लिहीतच नाहीत. मग स्पॉन्सरचा पहिला चेक आला की भाऊ म्हणतात, "आधी माझे द्या," आणि ज्या पगारासाठी तो पैसा आणला तो पगार पुन्हा राहतो.

यादी झाली की फेडीचा क्रम ठरवा. पहिले खेळाडू आणि मैदानावरचे कर्मचारी, कारण त्यांचं घर त्या पैशावर चालतं. त्यांच्याबरोबरच सरकारी देणी, कारण तिथे व्याज आणि दंड वाढत जातो. मग छोटे दुकानदार. पदाधिकाऱ्यांची उसनवारी सगळ्यांत शेवटी, आणि तीही लेखी हप्त्यांनी. प्रत्येक देणेकऱ्याला प्रत्यक्ष भेटा, रक्कम मान्य करून घ्या, तारखा लिहून द्या. "पुढच्या हप्त्यात पाहू" हे उत्तर बंद करा. थोडी रक्कम वेळेवर देणारा क्लब बाजारात पुन्हा उधारी मिळवतो. मोठं आश्वासन देणाऱ्याला ती मिळत नाही.

त्यानंतर बारा महिन्यांचा तक्ता करा. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला जाणं, महिन्यागणिक. येण्याच्या बाजूला फक्त खात्यात जमा झालेले किंवा लेखी करार झालेले पैसे धरा. तिकिटाचं उत्पन्न शून्य, बक्षिसाची रक्कम शून्य. आले तर आनंद आहे, पण पगार त्यांच्यावर टांगू नका.

इशारा: फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत दिली आणि तरीही पैसे मिळाले नाहीत, तर तो योग्य कारणाने करार मोडू शकतो. म्हणजे थकबाकीमुळे तुमचा सगळ्यांत चांगला खेळाडू फुकट जातो आणि वर भरपाईही मागू शकतो.

टप्पा २: कागदपत्रं सरळ करा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून पुढे ढकललं जातं आणि ऐन वेळी तेच गळ्याशी येतं. आपल्याकडचे बहुतेक जुने क्लब संस्था म्हणून नोंदलेले आहेत आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० त्यांना लागू होतो. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा लागतो. अनेक क्लबांत वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचं नाव अजून सचिव म्हणून असतं. त्यामुळे बँक सही बदलत नाही आणि देणगीदार मागे हटतो. वकील आणि सीए यांना एकत्र बसवून हे आधी मिटवा.

सोबत लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे हिशेब तयार ठेवा. वरच्या श्रेणीत क्लब लायसन्सिंगची, म्हणजे खेळण्याआधी क्लबने परवाना मिळवण्याची, अट येते. तिथे क्रीडा, मैदान व सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाजू आणि अर्थव्यवहार अशा पाच अंगांनी तपासणी होते. मैदानावर जिंकून कागदावर अडकायचं नसेल तर तयारी आजपासून हवी.

तिसरा कागद खेळाडूंचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, प्रत्येक खेळाडूची नोंद तपासा. कोण व्यावसायिक म्हणून नोंदला आहे, कोण हौशी म्हणून, कोणाचा करार कधी संपतो आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळते का, हे एकेक करून पाहा. वयाची चोरी करून आणलेला पोरगा एखादी ट्रॉफी मिळवून देईल, पण सापडला की पूर्ण संघ अडचणीत येतो.

तपासून पाहा: आज नवीन स्पॉन्सर दारात उभा राहिला, तर अर्ध्या तासात त्याला नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, चालू कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षण अहवाल देता येईल का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: पगाराची पट्टी ठरवा

युरोपात यूएफाने, म्हणजे तिथल्या फुटबॉल महासंघाने, आपल्या स्पर्धांतल्या क्लबांना संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. त्यांच्याकडे टीव्हीचा पैसा आहे, आपल्याकडे नाही. म्हणून माझ्या मते आपल्या क्लबने खेळाडूंच्या पगारासाठी खात्रीच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर जाऊ नये.

उदाहरण घेऊ. समजा खात्रीचं उत्पन्न महिन्याला १० लाख आहे. पगाराला ६ लाख. बावीस जणांचा संघ तीन पायऱ्यांत बसवा: चार अनुभवी खेळाडूंना ५०,००० प्रमाणे २ लाख, दहा जणांना २८,००० प्रमाणे २ लाख ८० हजार, आणि आठ तरुणांना १५,००० प्रमाणे १ लाख २० हजार. बेरीज बरोबर ६ लाख. उरलेल्या ४ लाखांत प्रशिक्षक, फिजिओ, मैदान, प्रवास, जेवण आणि शिल्लक. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा. वरची पायरी खालच्या पायरीच्या साडेतीन पटीच्या आत राहिली तर ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज कमी होते. एकाला दीड लाख आणि त्याच्यासाठी धावणाऱ्याला दहा हजार अशी तफावत पडली, की धावणारा धावणं कमी करतो. त्याला दोष देता येत नाही.

तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवायला सुरुवात करा. वरच्या उदाहरणात ती १८ लाख होते. एका वर्षात जमणार नाही, पण दर महिन्याला थोडी बाजूला पडली पाहिजे.

नेहमीची चूक: पायऱ्या ठरवून पहिल्याच "खास" खेळाडूसाठी त्या मोडणं. एकदा मोडल्या की बाकी सगळे एजंट त्याच आकड्यावरून बोलणी सुरू करतात.

टप्पा ४: प्रशिक्षक आधी

खेळाडू आधी घेऊन मग प्रशिक्षक नेमला तर त्याला दुसऱ्याने निवडलेला संघ मिळतो आणि हरल्यावर तो तेच कारण सांगतो. म्हणून त्याला आधी आणा, आणि किमान दोन हंगामांसाठी. लायसन्स पाहाच; सी, बी, ए या पायऱ्यांना अर्थ आहे आणि वरच्या श्रेणीत ठरावीक लायसन्सची सक्तीही असते. पण मुलाखतीत मी त्याला तीन प्रश्न विचारेन. आमच्या सध्याच्या संघातले कोणते सहा जण ठेवशील? वीस वर्षांखालच्या किती पोरांना याआधी मुख्य संघात आणलंस? बॉल आपल्याकडे नसताना संघ कुठे उभा करतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर त्याने तुमचे सामने पाहिलेलेच नाहीत.

एक चांगला मुख्य प्रशिक्षक, एक गोलकीपर प्रशिक्षक अर्धवेळ, आणि एक फिजिओ. पैसे कमी असतील तर फिजिओ कापला जातो, आणि तो कापणं सगळ्यांत महाग पडतं. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) तुटलेल्या खेळाडूला परत यायला साधारण नऊ महिने लागतात. तेवढे महिने पगार चालू आणि जागा रिकामी.

टप्पा ५: ठेवायचे, सोडायचे, आणायचे

इथे घाई करू नका. हा सगळ्यांत जास्त वेळ घेणारा टप्पा आहे आणि तसाच तो असला पाहिजे.

आधी असलेल्या संघाची यादी वयाप्रमाणे लावा. प्रत्येक नावासमोर गेल्या हंगामातली प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं लिहा. नाव मोठं आणि मिनिटं कमी असलेले खेळाडू तुमचा पैसा खात असतात. त्यांना सन्मानाने, थकबाकी चुकती करून सोडा. सोडताना अपमान केला तर कामठीपासून सक्करदऱ्यापर्यंत बातमी त्याच संध्याकाळी पोचते आणि पुढचा चांगला पोरगा तुमच्या ट्रायलला येत नाही.

मग घरचा शोध. नागपूर आणि कामठीत फुटबॉलची कमतरता नाही. शाळांचे सुब्रतो कपचे संघ, कॉलेजांचे विद्यापीठ सामने, रेल्वे-पोलिसांच्या संघांत जागा न मिळालेले तरुण, कामठी-मोमिनपुऱ्याच्या मैदानांवर संध्याकाळी खेळणारे पोट्टे. नागपुरातच २००१ साली सुरू झालेली स्लम सॉकरसारखी, वस्त्यांतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारी संस्थाही आहे. अशा संस्थांकडून पोरगा पळवू नका. त्यांच्या प्रशिक्षकाशी बोला, लेखी घ्या, श्रेय द्या. पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षक तुम्हाला स्वतः फोन करेल.

एका दिवसाच्या ट्रायलवर निवड करू नका. दोनशे पोरांतून तासाभरात उंच आणि वेगवान एवढंच दिसतं. चांगला हाफ (मधल्या फळीतला) किंवा स्टॉपर (मधला बचावपटू) अशा ट्रायलमध्ये हरवून जातो. पहिल्या दिवशी छाटणी, मग चाळीस जणांचा आठवडाभर कॅम्प, मग दोन सराव सामने. कॅम्पला वेळेवर कोण येतं आणि बदली झाल्यावर बाकावर कसं बसतं, हेही लिहून ठेवा.

बाहेरचे खेळाडू आता, आणि मोजके. मी चारच्या वर जाणार नाही. शोध १९ ते २३ वयात घ्या: मोठ्या क्लबांच्या अकादम्यांतून सुटलेले, शिकलेले, पण खेळायला न मिळालेले. त्यांना सामने हवे असतात आणि तेच तुम्ही देऊ शकता. त्यांच्या जोडीला तिशीच्या आसपासचा एक स्टॉपर किंवा मधल्या फळीतला खेळाडू, जो बाकीच्यांना मैदानावर उभं करेल.

२०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकलेला ऐझॉल एफसी आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि नंतर पुन्हा वर घेतला गेला. त्या संघाचा कणा मिझोरामच्या पोरांचा होता. प्रशिक्षक खालिद जमील मुंबई एफसीतून आले आणि जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे त्यांनी जवळून पाहिलेले खेळाडू संघात होते. अनोळखी व्हिडिओवर पैसा लावण्यापेक्षा प्रशिक्षकाच्या ओळखीतला, सवयी माहीत असलेला खेळाडू कमी धोक्याचा, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

तपासून पाहा, सही करण्याआधी:
– तीन पूर्ण सामने पाहिले का? त्यातला एक तरी हरलेला आणि एक बाहेरच्या मैदानावरचा आहे का? गोलांच्या क्लिप पाहून सही नाही.
– आधीच्या दोन प्रशिक्षकांशी बोलणं झालं का?
– गुडघा आणि घोट्याची तपासणी झाली का? जुनी दुखापत असेल तर एमआरआय आपल्या डॉक्टरने पाहिला का?
– त्याच्यामुळे आपला कोणता पोरगा बाकावर जाणार? तो पोरगा ऐंशी टक्के तसाच खेळत असेल तर करार करू नका.

टप्पा ६: सराव, ऊन आणि फुकटचे गोल

पैसा नसलेल्या संघाला दोन गोष्टी फुकट मिळतात: शरीराची तयारी आणि सेट-पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री-किकसारखे खेळ थांबल्यावर मारायचे बॉल.

फिफाचा '११+' वॉर्म-अप शिकून घ्या. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, साहित्य जवळजवळ शून्य. आधी धावणं, मग ताकद आणि तोल, शेवटी वेगाचं धावणं. आठवड्यात किमान दोनदा, आणि नीट केला तरच दुखापती कमी होतात. गप्पा मारत दोन फेऱ्या घालणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे.

कॉर्नर, फ्री-किक आणि लांब थ्रो यांतून साधारण चौथा हिस्सा तरी गोल होतात. डेन्मार्कचा मिट्युलान क्लब २०१४-१५ मध्ये पहिल्यांदा देशाचा विजेता झाला, त्यात सेट-पीसवरच्या मेहनतीचा मोठा वाटा होता. आपण काय करावं? चार कॉर्नर आणि दोन फ्री-किक ठरवा, त्यापेक्षा जास्त नाही. आठवड्यात दोन दिवस वीस-वीस मिनिटं, एक दिवस मारण्याचा, एक दिवस अडवण्याचा. बॉल मारणारा एकच ठेवा आणि त्याला सरावानंतर रोज तीस बॉल मारायला लावा.

व्हिडिओसाठी गच्चीवरून किंवा उंच स्टँडवरून एक मोबाइल पुरतो. दोन कॉलेजच्या मुलांना बसवून तीनच गोष्टी मोजायला सांगा: बॉल कुठे गमावला, शॉट कुठून मारले, सेट-पीसवर पहिला स्पर्श कोणाचा झाला.

उन्हाची गोष्ट नागपूरकरांना सांगायला नको, तरी क्लब मे महिन्यात संध्याकाळी पाचला सराव ठेवतात. एप्रिल ते मध्य जूनपर्यंत पहाटे साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस मैदानाच्या कडेला हवंच. उष्म्याचा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक (तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरून काढलेला) ३२च्या वर गेला तर सामन्यात दोन्ही डावांत अर्ध्या तासाने पाणी-विश्रांती घ्या. डिसेंबरात उलट अडचण येते. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून लाइट नसलेल्या मैदानावर सामना सव्वातीनच्या आत सुरू करा.

आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळलेल्या मैदानावर घोटे मुरगळतात. उन्हाळ्यात पाणी, भेगांत माती आणि रोलर यांवरचा खर्च नव्या जर्सीच्या आधी करा.

प्रवासाचं थोडक्यात: रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी तिकिटं काढा. नागपूर-मुंबई रात्रभराचा प्रवास आहे. बसून आलेला संघ पहिल्या अर्ध्या तासातच थकलेला दिसतो.

टप्पा ७: पैसा कोणाकडे आणि कोणत्या खिशातून मागायचा

इथे सगळ्यांत मोठा गोंधळ होतो तो सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) आणि स्पॉन्सरशिप एकच समजल्यामुळे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. पण जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये बसत नाही. म्हणजे स्ट्रायकरच्या पगारासाठी आणि जर्सीवरच्या नावासाठी सीएसआर मागू नका. तो मुलांच्या प्रशिक्षणासाठी, बॉल, आहार, मैदान आणि प्रशिक्षक यांसाठी मागा.

त्यासाठी मुलांच्या प्रशिक्षणाची संस्था आणि खातं व्यावसायिक संघापासून वेगळं हवं. आयकर-सवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी), सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ अर्ज आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा पुरावा लागतो. म्हणून आजपासून हजेरीपट, फोटो, खर्चाची बिलं जपा. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याला कारखाने आहेत. अर्जात "शहराचं नाव उज्ज्वल करू" लिहिण्याऐवजी किती मुलं, किती मुली, आठवड्याचे किती तास आणि दर मुलामागे किती खर्च ते लिहा.

स्पॉन्सरशिप लहान तुकड्यांत विका. एकच मोठा स्पॉन्सर गेला की क्लब बसतो. पाठीवरचं नाव एकाला, बाहीवरचं दुसऱ्याला, बसवरचं तिसऱ्याला, प्रत्येकाशी दोन वर्षांचा करार आणि रक्कम तिमाहीच्या सुरुवातीला.

इशारा: पैसे लावणाऱ्याला संघ निवडायचा अधिकार देऊ नका. हे करारातच लिहा. तोंडी समजूत पहिल्या पराभवापर्यंतच टिकते.

टप्पा ८: करार आणि विक्री

कमी पैशांचा क्लब खेळाडू घडवून आणि विकूनच टिकतो. इंग्लंडचा ब्रेंटफर्ड अशीच खरेदी-विक्री करत २०२१ साली प्रीमियर लीगमध्ये पोचला. आपल्याकडे ती वाट कुठे बंद होते? करार एका हंगामाचा असतो, म्हणून चांगला खेळलेला पोरगा मे महिन्यात फुकट निघून जातो.

होतकरू तरुणाशी लांब करार करा. फिफाच्या नियमात १८ वर्षांखालच्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, त्यावरच्यांचा पाच वर्षांचा. त्या बदल्यात त्याला दर वर्षी ठरलेली पगारवाढ आणि मोठ्या क्लबने ठरावीक रक्कम दिली तर जाऊ देण्याची अट द्या. पालकांना मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा, त्यांची प्रत त्यांना द्या. पुढच्या विक्रीत १० ते २० टक्के हिस्सा आपला राहील असं कलम घाला. सगळे करार एकाच वर्षी संपणार नाहीत अशी मांडणी करा.

बारा वर्षांपासूनच्या प्रत्येक मुलाची सीआरएस नोंदणी दर हंगामात करा. खेळाडूची पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली तर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा त्याला १२ ते २३ वयात घडवलेल्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३च्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. तुमच्याकडे बारापासून सतराव्या वर्षापर्यंत खेळलेला मुलगा पुढे एक कोटीला परदेशी गेला तर दोन टक्के, म्हणजे दोन लाख तुमचे. नोंद नसेल तर दावा करायलाच जागा नाही. देशातल्या बदलीसाठीही महासंघाच्या नियमावलीत प्रशिक्षण-भरपाईची तरतूद आहे; ते कलम सीएकडून नव्हे, क्रीडा नियम जाणणाऱ्या वकिलाकडून समजून घ्या.

विक्री हंगामाच्या मध्यावर करू नका आणि एका वेळी एकाच फळीतले दोन विकू नका. कोणाला विकायचं ते सहा महिने आधी ठरवा, म्हणजे त्याच्या जागी येणारा पोरगा तोवर दहा-बारा सामने खेळलेला असेल. आलेल्या रकमेतला अर्धा भाग थेट राखीव खात्यात, उरलेल्यातून आधी मुलांच्या संघाचा प्रशिक्षक आणि मैदान. बदली खेळाडू बाहेरून घ्यावाच लागला तर त्याचा पगार ठरलेल्या पायरीवरच, विक्रीची रक्कम कितीही मोठी असली तरी.